आधी हेडफोन, मग डॅक-अ‍ॅम्प: मिरजेतल्या एका गायन-विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मिरजेत गाणं शिकता. मामांचा सेनहायझर एचडी ६५० हा हेडफोन तुमच्याकडे आलाय, शिवाय कानात घालायचे वायरवाले इअरफोन आहेत. फोन अँड्रॉइड, हेडफोन जॅक नसलेला, घरी लॅपटॉप. गुरुजींच्या तालमीचं स्वतः केलेलं रेकॉर्डिंग आणि जुन्या मैफली नीट ऐकायच्या आहेत. त्यासाठी तुम्ही तीन पर्याय समोर ठेवलेत: अ‍ॅपलचं छोटं डोंगल (फोनच्या सी-पोर्टला लावून हेडफोन जॅक देणारी आखूड तार); मूनड्रॉप डॉन प्रो किंवा क्युडेलिक्स ५के यांसारखं मधल्या किमतीचं काही; आणि मामा पैशांची भर घालायला तयार आहेत म्हणून कॉर्डचा मोजो २. आवाज कुणाचा ‘उबदार’, चिप कुणाची चांगली आणि बॅलन्स्ड वायर (डाव्या-उजव्या बाजूच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारी) करून घ्यावी का, हे तुमचे प्रश्न.

मी सांगली-मिरज भागात मैफलींचं रेकॉर्डिंग आणि हॉलमधलं साउंडचं काम करतो. ही खिशातली यंत्रं माझ्या बॅगेत कायम असतात. कधी रेकॉर्डिंग तपासायला, कधी कलाकाराला मध्यंतरात ऐकवायला, कधी लॅपटॉपवरून मिक्सरला गाणं द्यायला. त्यावरून माझं मत पक्कं झालंय. यंत्रांची एकमेकांशी तुलना करण्याआधी तुमचा हेडफोन किती व्होल्ट आणि किती करंट मागतो, आणि तुम्ही ऐकणार ते रेकॉर्डिंग किती हळू आहे, एवढं काढा. ते काढलंत की बरेचसे पर्याय आपोआप गळतात, आणि उरलेल्यांत आवाजाचा फरक फार थोडा राहतो.

फाइलमधल्या आकड्यांची विजेची लहर करतो तो डॅक, आणि त्या लहरीला हेडफोन हलवण्याइतकी ताकद देतो तो अ‍ॅम्प. बऱ्याच डोंगलमध्ये ही दोन्ही कामं नखाएवढी एकच चिप करते. डॅकचं काम आज इतकं स्वस्तात आणि इतकं चांगलं होतं की खरी परीक्षा अ‍ॅम्पचीच असते.

आता तुमच्या हेडफोनचा हिशोब करू. एचडी ६५० चा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) ३०० ओहम, आणि कंपनी सांगते की १ व्होल्ट दिला की तो १०३ डेसिबल आवाज देतो. गाण्यातली सगळ्यात जोराची तान किंवा तबल्याची थाप ११० डेसिबलपर्यंत जावी असं धरलं, तर त्याला सुमारे २.२ व्होल्ट लागतात. शक्तीच्या भाषेत हे जेमतेम १७ मिलिवॅट, आणि करंट साडेसात मिलिअँपिअर. म्हणजे हा हेडफोन व्होल्ट मागतो, करंट जवळजवळ मागतच नाही.

शेजारी हायफायमनचा एचई४००एसई ठेवून बघा. तो प्लॅनर (सपाट पडद्याचा), २५ ओहमचा, एका मिलिवॅटला ९१ डेसिबल. त्याच ११० डेसिबलला त्याला ८० मिलिवॅट लागतात. व्होल्ट फक्त १.४, पण करंट ५६ मिलिअँपिअर, म्हणजे एचडी ६५० च्या सातपटीहून जास्त. एकच डोंगल एका हेडफोनवर छान वाजतं आणि दुसऱ्यावर दम टाकतं, त्याचं कारण इथे आहे. आणि तुमचे कानातले इअरफोन साधारण १६ ओहमचे, एका मिलिवॅटला १०७ डेसिबलचे असतील, तर त्यांना ११० डेसिबलसाठी २ मिलिवॅट पुरतात. त्यांना ताकदवान अ‍ॅम्प जोडून काही मिळत नाही. उलट तोटा होतो, तो पुढे सांगतो.

जाहिरातीत कंपन्या ‘इतके मिलिवॅट’ असा एकच मोठा आकडा छापतात आणि तो बहुतेक वेळा ३२ ओहमवरचा असतो. तुमच्या ३०० ओहमला तो थेट लागू होत नाही. मिलिवॅटचे वॅट करा, त्याला ओहमने गुणा आणि वर्गमूळ काढा, व्होल्ट मिळतात. ३२ ओहमवर ५०० मिलिवॅट म्हणजे ४ व्होल्ट. तेच ४ व्होल्ट ३०० ओहमवर दिले की फक्त ५३ मिलिवॅट होतात, पण तुम्हाला हव्या असलेल्या १७ च्या तिप्पट. ३२ ओहमवर १२० मिलिवॅट लिहिलेलं डोंगल म्हणजे साधारण २ व्होल्टचं. दुकानात उभं राहून फोनच्या कॅल्क्युलेटरवर होणारा हिशोब आहे हा, आणि कुठल्याही परीक्षणापेक्षा तो जास्त सांगतो.

अ‍ॅपलचं डोंगल जास्तीत जास्त १ व्होल्ट देतं (युरोपात विकलं जाणारं त्याच्या निम्मं, त्यामुळे कुणी तिकडून आणून देणार असेल तर घेऊ नका). १ व्होल्टला एचडी ६५० ची कमाल १०३ डेसिबल. गाण्याची सरासरी पातळी कमालीच्या खाली १५-२० डेसिबल असते, म्हणजे ८३ ते ८८. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा धरते, आणि गाणाऱ्याने तर कान जपलेच पाहिजेत. या हिशोबाने अ‍ॅपलचं डोंगल पुरेसं दिसतं. स्टुडिओत तयार होऊन आलेल्या, पातळी वर ओढलेल्या गाण्यांना ते पुरतंही.

पण तुमचं मुख्य ऐकणं ते नाही, आणि इथेच बहुतेक सल्ले चुकतात. तालमीचं रेकॉर्डिंग आपण मुद्दाम खालच्या पातळीवर करतो, कारण गुरुजींनी अचानक तार सप्तकात जोर लावला तर आवाज फाटू नये. चांगल्या रेकॉर्डिंगमध्येही सगळ्यात मोठा आवाज कमाल मर्यादेच्या १२ डेसिबल खाली असतो, बोलण्यातल्या सूचना तर आणखी कितीतरी खाली. अशी फाइल अ‍ॅपलच्या डोंगलवर लावली की एचडी ६५० ची कमाल १०३ ऐवजी ९१ वर येते आणि सरासरी सत्तरीत जाते. गुरुजी हळू आवाजात ‘या निषादाला थोडं खाली घे’ म्हणतात तेवढं ऐकायला तुम्ही व्हॉल्यूम पूर्ण वर नेता आणि तरी ते शब्द निसटतात. २ व्होल्टचं डोंगल इथे ६ डेसिबल वाढवून देतं, ४ व्होल्टचं १२. ४ व्होल्टवर तुमचं कच्चं रेकॉर्डिंग बाजारातल्या गाण्यांइतक्या आवाजात ऐकू येतं. या एका कारणासाठी मी तुम्हाला छोट्या डोंगलच्या वरची पायरी सुचवतो. ‘दर्जा’ वगैरे शब्द त्यात आणायची गरजच नाही.

अ‍ॅपलच्या डोंगलची आणखी एक अडचण तुमच्या फोनवर येऊ शकते. त्याला स्वतःचा अंतर्गत व्हॉल्यूम असतो. आयफोन आणि लॅपटॉप तो पूर्ण उघडतात. पुष्कळ अँड्रॉइड फोन उघडत नाहीत. मग स्क्रीनवर व्हॉल्यूम शंभर टक्के दिसतो आणि कानात आवाज अर्धवटच येतो. लोक डोंगल खराब समजून परत करतात. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो यासारखं अ‍ॅप तो अंतर्गत व्हॉल्यूम उघडतं, पण फक्त स्वतःपुरता. यूट्यूबवर पुन्हा तीच रड. अँड्रॉइडवाल्याने एचडी ६५० साठी हे डोंगल घेऊ नये, असं मी सरळ सांगतो. तुमच्या इअरफोनसाठी आणि लॅपटॉपसाठी मात्र या किमतीत त्याच्याइतकं स्वच्छ काही मिळणं कठीण आहे. त्याचा आउटपुट इम्पिडन्स (यंत्राचा स्वतःचा अडथळा) १ ओहमच्या आसपास आहे, ही मोठी जमेची बाजू.

या आउटपुट इम्पिडन्सबद्दल जरा थांबून सांगतो, कारण दोन यंत्रांच्या ‘आवाजातला फरक’ म्हणून जे ऐकू येतं त्यातला मोठा भाग यातून येतो. हेडफोनवर छापलेला ओहमचा आकडा एकाच कंपनसंख्येचा असतो. खर्जात, मध्यात आणि वर तो बदलतो. कानातल्या इअरफोनमध्ये दोन-चार ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे भाग) असतील तर हा आकडा ६ ओहमपासून ३० ओहमपर्यंत वरखाली होऊ शकतो. अशा इअरफोनला १० ओहम आउटपुट इम्पिडन्सचं यंत्र जोडलं तर जिथे इअरफोन ६ ओहमचा आहे तिथला आवाज साडेआठ डेसिबल पडतो, आणि जिथे ३० चा आहे तिथला फक्त अडीच. मधला फरक ६ डेसिबल. म्हणजे कुणीतरी टोन कंट्रोल पिळून ठेवल्यासारखंच झालं. तेच यंत्र १ ओहमचं असेल तर फरक एक डेसिबलवर येतो. म्हणून इअरफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्श्याहून कमी आउटपुट इम्पिडन्स असावा, असा ठोकताळा धरतात. हल्लीची बहुतेक डोंगलं यात पास होतात. मोजो २ चा तर ०.०६ ओहम इतका कमी आहे. जुने मिक्सर, लॅपटॉपचे जॅक आणि काही स्टुडिओ इंटरफेस मात्र नापास होतात.

हे कानाने कसं कळतं ते मी सतारमेकर गल्लीत पाहिलंय. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्यांवर हात चालवणाऱ्या एका जुन्या कारागिराच्या दुकानात मी त्यांच्याच तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग घेऊन गेलो होतो. जवारी (तंबोऱ्याचा गुंजणारा नाद) लावताना हा माणूस घोडीवर कानस अगदी हलक्या हाताने फिरवतो, तारेखालचा दोरा केसभर सरकवतो आणि लगेच छेडून ऐकतो. एवढ्याशा बदलावर ज्याची रोजी-रोटी चालते, त्याच्यापेक्षा चांगला कान मी कुठून आणणार? माझ्या इअरफोनला आलटूनपालटून दोन डोंगलं जोडली, एक स्वस्तातलं आणि एक त्याच्या पाचपट किमतीचं. पहिल्यांदा ऐकून त्यांनी महागाचं उचललं आणि म्हणाले, ‘‘यात जवारी खुली लागते.’’ मग मी दोन्हींना एकच शुद्ध सूर देऊन मल्टिमीटरने व्होल्ट मोजले. महागाचं एक डेसिबलभर जास्त देत होतं. दोन्ही एका पातळीवर आणून पुन्हा ऐकवलं, कुठलं कुठे जोडलंय ते न सांगता. बराच वेळ ऐकून त्यांनी विचारलं, ‘‘बदललंस का रे?’’ मी बदललं होतं. त्यानंतर तेच इअरफोन माझ्या जुन्या मिक्सरच्या हेडफोन जॅकला लावले. पहिल्याच आवर्तनाला त्यांनी मान हलवली. ‘‘हा तंबोरा माझा नाही. पंचमाची तार कुणी बदलली?’’ मिक्सरचा आउटपुट इम्पिडन्स जास्त, आणि इअरफोन तीन ड्रायव्हरचे.

तंबोरा हे या तपासणीसाठी फार चांगलं साधन आहे, हे गाणं शिकणाऱ्याला तरी मी सांगायला नको. एकाच तारेतून वरच्या सुरांची अख्खी माळ निघते, आणि तिच्यातले दोन मणी जरी पुढेमागे झाले तरी ओळखीच्या कानाला तंबोरा परका वाटतो. घरी तुलना करायची असेल तर तुम्हाला पाठ असलेल्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग घ्या. दोन्ही यंत्रांची पातळी मोजून जुळवा. साधा मल्टिमीटर घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला असतो, त्यामुळे १००० हर्ट्झऐवजी ५० किंवा १०० हर्ट्झचा सूर वाजवा, हेडफोन जोडलेला ठेवून मोजा, आणि दोन आकड्यांत एक-दीड टक्क्याहून जास्त फरक ठेवू नका. नुसत्या कानाने पातळी जुळवली तर जे जरा मोठं वाजतं ते आपल्याला हमखास जास्त चांगलं वाटतं. दुकानात, प्रदर्शनात आणि व्हिडिओत होणाऱ्या तुलना बहुतेक इथेच वाया जातात.

‘उबदार’ आणि ‘कोरडा’ या शब्दांबद्दल माझं म्हणणं यातूनच आलं. पातळी जुळवली, आउटपुट इम्पिडन्स कमी असला आणि यंत्र आपल्या ताकदीच्या आत चालत असलं, तर तुमच्या यादीतल्या यंत्रांत उबदार-कोरडं असं ठळक काही उरत नाही. उबदारपणा हवा असेल तर तो एचडी ६५० मध्येच आहे. त्याचा मधला भाग भरीव आणि वरचा थोडा नरम आहे. मानवी गळ्यासाठी मला तो फार आवडतो.

चिपचं नाव बघून यंत्र घेऊ नका. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमध्ये नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली, डॅक चिपचा पुरवठा तुटला आणि कित्येक कंपन्यांना आपली यंत्रं ईएसएस किंवा सिरस लॉजिकच्या चिपवर नव्याने बांधावी लागली. चांगल्या कंपन्यांची यंत्रं आगीआधीही चांगली होती आणि नंतरही चांगलीच राहिली, कारण चिपभोवतीचा वीजपुरवठा, मांडणी आणि अ‍ॅम्प यांवर त्यांची मेहनत होती. उलट, ईएसएसच्या नावाजलेल्या चिपा वापरूनही काही यंत्रांत मधल्या पातळीवर विकृती वाढायची, आणि तो दोष मांडणीचा होता. एकाच चिपची दोन डोंगलं मोजमापात वेगळी निघतात, हे मी माझ्या टेबलावर पाहिलंय. कॉर्डचं तर सगळंच वेगळं. ते तयार डॅक चिप घेतच नाहीत. रॉब वॉट्स यांनी लिहिलेलं गणित प्रोग्राम करता येणाऱ्या एफपीजीए नावाच्या चिपवर चालवतात. अभियांत्रिकी म्हणून मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण त्यासाठी दिलेले पैसे तुमच्या कानापर्यंत किती पोचतात, हा प्रश्न वेगळा.

एक साधा हिशोब बघा. एचडी ६५० मागून उघडा आहे, बाहेरचं सगळं आत येतं. सीलिंग फॅन चालू असलेल्या खोलीत चाळीसेक डेसिबलची गडबड सहज असते, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे फॅन बंद करून कोण ऐकणार? तुमचं गाणं कमाल १०५ वर गेलं तरी फॅनच्या वर उरतात ६५ डेसिबल. साध्या १६ बिटच्या सीडीत ९६ आहेत. ११५ आणि १२५ डेसिबल डायनॅमिक रेंजच्या (सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात हळू आवाजातलं अंतर) दोन यंत्रांतला फरक फॅनखाली गाडला जातो. मैफल रेकॉर्ड करताना मी २४ बिट वापरतो, कारण पातळी खाली ठेवायला जागा लागते. ऐकताना ती गरज नसते. ३८४ किलोहर्ट्झ, डीएसडी (फाइलचा एक प्रकार) वगैरे बघून किंमत वाढवू नका. आणि जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून उतरवलेलं गाणं असेल, मिरज हेच घर केलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं असो की आणखी कुणाचं, तर त्यात वरच्या पट्टीत फारसं काही नोंदलंच गेलेलं नाही. तिथे चांगल्या उतरवणीचा शोध घ्या. एकाच तबकडीच्या दोन उतरवणींत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

ताकदवान यंत्राचा इअरफोनवर होणारा तोटा सांगायचा राहिला. प्रत्येक अ‍ॅम्प स्वतःचा थोडा सळसळता आवाज करतो. १६ ओहम, १०७ डेसिबलच्या इअरफोनवर १० मायक्रोव्होल्टची सळसळ म्हणजे २५ डेसिबल. रात्री शांत खोलीत तानेच्या मधल्या विरामात ती ऐकू येते. २ मायक्रोव्होल्टची असेल तर ११ डेसिबल, म्हणजे संपलीच. एचडी ६५० वर दोन्ही ऐकू येणार नाहीत. त्यामुळे हेडफोन आणि इअरफोन दोन्हींसाठी एकच यंत्र घेणार असाल तर लो-हाय गेन (आवाज किती वाढवायचा याच्या दोन पायऱ्या) असलेलं घ्या, आणि इअरफोन नेहमी साध्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकला, लो गेनवर लावा. बॅलन्स्ड जॅकवर सळसळ सहसा वाढते.

बॅटरीचं यंत्र घ्यावं की फोनच्या विजेवर चालणारं डोंगल? डोंगलमध्ये मरणारी बॅटरी नाही, ही त्याची सगळ्यात मोठी ताकद आहे. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. सांगलीच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवलेलं यंत्र दोन-तीन वर्षांत फुगलेल्या बॅटरीने उघडं पडलेलं मी दुरुस्तीच्या टेबलावर पाहतो. उलट बाजूने, बॅटरीचं यंत्र फोनला चिकटून बसत नाही, त्यामुळे फोनच्या रेडिओ लहरी त्यात कमी शिरतात. टूजी नेटवर्कवर फोन गेला की डोंगलमध्ये ‘टर्र-टर्र’ येते ती त्यांचीच. फोन फ्लाइट मोडवर टाकला की थांबते. लॅपटॉप चार्जरला लावून मिक्सरला गाणं देताना हम्म् आला तर चार्जर काढून बघा, नव्वद टक्के वेळा अर्थिंगचा घोळ निघतो. जुन्या हॉलमध्ये मी अशा वेळी ब्लूटूथवर चालणारं बॅटरीचं यंत्र लावतो, म्हणजे लॅपटॉप आणि मिक्सर यांत तारच राहत नाही.

क्युडेलिक्स ५के मला नेमका याच कामासाठी आवडतो. साध्या जॅकवर २ व्होल्ट, २.५ च्या बॅलन्स्ड जॅकवर ४, ब्लूटूथवर एलडॅक (जास्त तपशील पाठवणारी पद्धत), आणि यंत्रातच साठवून ठेवता येणारा पॅरामेट्रिक इक्वलायझर (आवाजाची हवी ती पट्टी वरखाली करण्याची सोय). हा इक्वलायझर महागड्या चिपपेक्षा कितीतरी मोठा बदल घडवतो. तालमीच्या रेकॉर्डिंगमध्ये खोलीचं घुमणं, साधारण २०० ते ३०० हर्ट्झचं, ३ डेसिबल खाली घेतलं की गुरुजींचे शब्द पुढे येतात. करून बघा. ब्लूटूथवर ऐकताना थोडा उशीर असतो. रेकॉर्डिंग ऐकायला त्याने काही बिघडत नाही, पण फोनवरच्या हार्मोनियमचं बटण दाबून सूर घेत असाल तर त्रास होतो. रियाजाला वायरच लावा. त्याची बॅटरी छोटी आहे, वरचं ऊन-उष्णतेचं सगळं तिलाही लागू.

मोजो २ ने ३०० ओहमवर ९० मिलिवॅट मिळतात, म्हणजे ५ व्होल्टच्या वर. एचडी ६५० ला ते ११७ डेसिबलपर्यंत नेऊ शकतं. तिथवर तुम्ही कधीच जाणार नाही, जाऊही नये. यंत्र उत्तम बांधणीचं, पण फोनसोबत खिशात ठेवायला बोजड, आणि स्वतःचं ब्लूटूथ त्यात नाही. करंट मागणारे प्लॅनर हेडफोन घेऊन रोज प्रवास करणाऱ्याला मी ते सुचवलं असतं. तुम्हाला नाही. मामा पैसे देणारच असतील तर दोन गोष्टींसाठी घ्या. एक, एचडी ६५० च्या कानाच्या गाद्या. जुन्या गाद्या दबल्या की ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि आवाजाचा तोल बदलतो. हा बदल कुठल्याही दोन डॅकमधल्या फरकापेक्षा मोठा असतो, आणि मामांच्या गाद्या नक्कीच दबलेल्या असणार. दुसरी, तालमीसाठी एक बऱ्यापैकी हँडी रेकॉर्डर. फोनचा माइक आवाज आपोआप वरखाली करतो, आणि त्यात गळ्यातलं स्वर हळूच वाढवणं-कमी करणं सपाट होतं. तिथे गेलेलं कुठलाच अ‍ॅम्प परत आणू शकत नाही.

तर तुमच्यासाठी माझी निवड: लॅपटॉप आणि फोन दोन्हींवर घरी बसून ऐकणार असाल तर डॉन प्रो किंवा त्याच ताकदीचं, साध्या जॅकवर २ आणि ४.४ वर ४ व्होल्ट देणारं कुठलंही डोंगल. इक्वलायझर आणि ब्लूटूथ खरोखर वापरणार असाल तर क्युडेलिक्स. डोंगल घेताना वायर सुटी होणारी बघा. या यंत्रांत चिप जळल्याचं मी क्वचितच पाहतो, पण घट्ट जोडलेली बोटभर वायर मुळाशी तुटल्याची आणि फोनचा सी-पोर्ट सैल झाल्याची प्रकरणं सतत येतात. एचडी ६५० ची मोठी पिन लहान करणारा धातूचा जड अ‍ॅडॉप्टर डोंगलमध्ये कधीही खुपसू नका. त्याच्या वजनाने जॅक हलतो. आखूड मऊ वायरचा अ‍ॅडॉप्टर घ्या.

बॅलन्स्ड वायरचं उत्तर तुमच्या बाबतीत ‘हो’ आहे, आणि कारण फक्त २ वरून ४ व्होल्टवर गेल्याने मिळणारे ६ डेसिबल. आवाज जास्त रुंद होतो वगैरे मी मानत नाही. एचडी ६५० ची वायर दोन्ही बाजूंनी सुटी होते, त्यामुळे हेडफोन न उघडता काम होतं. मामांची मूळ वायर कापू नका, ती तशीच ठेवा. नवी तयार घ्या किंवा सांगलीत कुणाकडून चार तारांची करून घ्या. करणाऱ्याला एवढं बजावा की डाव्या आणि उजव्या बाजूच्या निगेटिव्ह तारा कुठेही एकत्र यायला नकोत. साध्या जॅकमध्ये त्या एकाच ग्राउंडला जातात, बॅलन्स्डमध्ये त्या प्रत्येक तारेवर अ‍ॅम्पचा स्वतंत्र आउटपुट असतो. ४.४ मध्ये घालून पुढे साध्या ३.५ चं भोक देणारे स्वस्त अ‍ॅडॉप्टर याच कारणाने धोक्याचे आहेत: दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात आणि डोंगल जाऊ शकतं. वायर हातात आली की जोडण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून पिनेवरच्या दोन्ही निगेटिव्ह रिंगांना टोकं लावा. बीप वाजला तर वायर परत करा.